मधल्या दिवसांत काय घडतं?

परीक्षा जवळ आल्या की नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोड परिसरातल्या अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत भरलेल्या असतात. कुणाची नीट, कुणाची सीईटी, कुणाची एमपीएससी. बहुतेकांची पद्धत मात्र एकच. एक धडा घ्यायचा, ‘पक्का’ होईपर्यंत त्याच बैठकीत चार-पाच वेळा वाचायचा, हायलायटरने ओळी रंगवायच्या आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. कष्टात कसूर नसते. तरीही महिन्याभरानं सराव परीक्षेत तोच धडा समोर आला की काही आठवत नाही, आणि मुलं स्वतःच्या बुद्धीला बोल लावतात. हे पाहून फार वाईट वाटतं, कारण त्यांची बुद्धी शाबूत असते. चूक असते ती चारही वाचनं एकाच रात्री उरकण्यात.

ही गोष्ट मानसशास्त्राला सव्वाशेहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे. जर्मनीतल्या हरमान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या करून ते पाठ करायचे. आधी कानावरून गेलेल्या शब्दांचा फायदा मिळू नये, म्हणून मुद्दाम निरर्थक अक्षरं. एकाच दिवशी सलग ६८ वेळा म्हणून जेवढा उपयोग होत होता, तेवढाच उपयोग त्यांना तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ आवर्तनांत झाला. जवळपास निम्म्या मेहनतीत तेच काम.

मग अंतर किती ठेवावं? २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी १३५० हून अधिक लोकांवर याचा सविस्तर अभ्यास केला. निष्कर्ष असा, की योग्य अंतर परीक्षा किती लांब आहे यावर ठरतं. परीक्षा आठवड्यावर असेल तर दोन अभ्यासांतलं अंतर त्या काळाच्या २० ते ४० टक्के असावं, म्हणजे साधारण दीड ते तीन दिवस. लक्षात वर्षभर ठेवायचं असेल तर ५ ते १० टक्के, म्हणजे तीन ते पाच आठवडे. अकरावीत जूनमध्ये शिकलेला ‘पेशी’चा धडा जुलैत एकदा उघडला, पुस्तक मिटून आठवेल तेवढं कागदावर उतरवलं आणि मग पुस्तकाशी ताडून पाहिलं, तर तो अर्धा तास मे महिन्यातल्या एका रात्रीच्या जागरणापेक्षा मोलाचा ठरेल. पुस्तक मिटून आठवणं इथे महत्त्वाचं आहे. २००६ मधल्या एका प्रयोगात एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के भाग आठवत होता, वाचणाऱ्यांना ४२ टक्के.

एवढं माहीत असूनही ही पद्धत रुजत का नाही, याचं उत्तर मला २००९ च्या एका अभ्यासात सापडतं. शब्दार्थांची कार्डं वापरून केलेल्या त्या प्रयोगात ९० टक्के लोकांना अंतर ठेवून केलेला अभ्यास जास्त उपयोगी पडला. पण पहिल्या सत्रानंतर विचारलं, तेव्हा ७२ टक्के लोकांना सलग केलेला अभ्यासच चांगला वाटत होता! सलग वाचताना मजकूर ओळखीचा होत जातो आणि ती ओळखच आपल्याला ज्ञान वाटते. दोन दिवसांनी आठवायला गेलं की अडखळायला होतं, त्रास होतो, आणि हा त्रास नापासाची खूण समजून मुलं पुन्हा सलग वाचनाकडे वळतात. खरं तर तेव्हाच स्मरण पक्कं होत असतं.

शाळांनाही यातून घेण्यासारखं बरंच आहे, आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. आपल्याकडच्या गणिताच्या पुस्तकात एका प्रकरणाखाली त्याच प्रकारची दहा उदाहरणं असतात. सूत्र कुठलं लावायचं ते विद्यार्थ्याला मथळ्यावरूनच कळतं. फ्लोरिडातल्या सातवीच्या ५४ वर्गांत याच्या उलट करून पाहिलं गेलं. काही वर्गांना गृहपाठात वेगवेगळ्या प्रकरणांची उदाहरणं मिसळून दिली, बाकीच्यांना नेहमीसारखी एकाच प्रकारची. एक महिन्यानं अचानक घेतलेल्या चाचणीत मिश्र गृहपाठवाल्या मुलांना सरासरी ६१ टक्के गुण मिळाले, इतरांना ३८. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सुरगाण्याच्या किंवा पेठच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना फळ्यावर तीन जुनी आणि दोन नवी उदाहरणं लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता थोडं शरीराच्या आत जाऊ. अंतरानं का फरक पडतो, याचं उत्तर बराच काळ मेंदूत शोधलं गेलं. एरिक कँडल यांनी समुद्री गोगलगायीच्या मोजक्या, मोठ्या चेतापेशींवर आयुष्यभर काम केलं आणि २००० साली त्यांना नोबेल मिळालं. या प्राण्याला सौम्य धक्का दिला की तो अंग आक्रसतो. धक्के अंतरानं दिले तर ती सवय कित्येक दिवस टिकते. याच गोगलगायीवर २००७ मध्ये आणखी एक बारकावा दिसला. दोनच धक्के द्यायचे असतील तर त्यांच्यात ४५ मिनिटं हवीत. १५ मिनिटांनी दिलेला दुसरा धक्का फुकट जातो आणि ६० मिनिटांनी दिलेलाही. कारण पहिल्या धक्क्यानंतर ईआरके नावाचं एक विकर (एन्झाइम) पेशीत हळूहळू सक्रिय होतं, ४५ मिनिटांच्या आसपास शिगेला पोहोचतं आणि मग ओसरतं. दुसरा धक्का त्या वेळी आला, तरच दीर्घकालीन स्मृतीची यंत्रणा सुरू होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या शोधनिबंधानं मात्र सगळ्यांना थबकायला लावलं. न्यूयॉर्क विद्यापीठातले निकोलाय कुकुश्किन आणि त्यांचे सहकारी यांनी हाच प्रयोग मेंदूविना केला. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या मानवी पेशी, आणि त्यातला एक प्रकार तर चक्क मूत्रपिंडापासून मिळवलेला. या पेशींत त्यांनी एक जनुक बसवलं. स्मृतीशी संबंधित क्रेब हे प्रथिन कामाला लागलं की ते जनुक जागं होतं आणि पेशी काजव्यात प्रकाश निर्माण करणारं विकर बनवते. म्हणजे पेशीत किती प्रकाश आहे ते मोजलं, की तिनं किती ‘लक्षात ठेवलं’ ते कळतं. हे विकर लवकर नष्ट होईल अशी योजनाही होती, नाहीतर जुना प्रकाश नव्यात मिसळला असता.

मग पेशींच्या एका गटाला शिकतानाच्या संदेशांची नक्कल करणारं रसायन सलग १२ मिनिटं दिलं. दुसऱ्या गटाला तेच रसायन तीन-तीन मिनिटांच्या चार हप्त्यांत, दर हप्त्यामध्ये १० मिनिटं सोडून. एकूण मात्रा दोन्हीकडे सारखीच. हप्त्यांनी दिलेल्या पेशी जास्त उजळल्या आणि जास्त काळ उजळत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही फरक मोजता येत होता. ईआरके किंवा क्रेब रोखलं, की हा फरक नाहीसा झाला. गोगलगायीत सापडलेली तीच यंत्रणा.

यावरून मूत्रपिंड विचार करतं असं कुणी म्हणू नये. संशोधकही तसं म्हणत नाहीत. सिद्ध एवढंच होतं, की एखादा संदेश एका दमात आला की अंतरानं आला, हे ओळखण्याची क्षमता चेतापेशींपुरती मर्यादित नाही. चेतापेशीच नसलेल्या ऊतीतही ईआरके आणि क्रेब ही रसायनं आहेत. वर्गात ज्याला आपण उजळणी म्हणतो, त्याची मुळं शाळेहून आणि मेंदूहूनही जुनी असावीत, असं मला यातून वाटतं.

शरीरात आणखी एक स्मृती असते, आणि तिच्याशी आपल्या सगळ्यांचा संबंध आलेला आहे. लस. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारनं कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं, तेव्हा दुसऱ्या डोससाठी रांगा लावणारे अनेक जण धास्तावले होते. त्याआधी फेब्रुवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या लशीचे आकडे आले होते. १२ आठवडे किंवा त्याहून जास्त अंतर असलेल्यांमध्ये परिणामकारकता ८१.३ टक्के, सहा आठवड्यांहून कमी अंतर असलेल्यांमध्ये ५५.१ टक्के. ते अंतर चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे हे आकडे जपूनच वापरायला हवेत. पण त्यामागचं कारण पक्कं आहे.

पहिल्या डोसनंतर काखेत, मानेत असणाऱ्या लसिकाग्रंथींमध्ये बी पेशींची, म्हणजे विषाणूला धरणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवणाऱ्या पेशींची, निवड सुरू होते. या पेशी वेगानं वाढतात, वाढताना त्यांच्या जनुकांत छोटे बदल होतात, आणि विषाणूच्या तुकड्याला जी पेशी अधिक घट्ट धरते तीच टिकते. असं पिढ्यानपिढ्या चालतं आणि त्याला आठवडे लागतात. ही निवड झाल्यावर दुसरा डोस आला, तर तावून सुलाखून निघालेल्या पेशी त्याला भिडतात. घाईनं आला, तर निवड अर्धवट असते आणि पहिल्या डोसची ताजी प्रतिपिंडं नव्या लशीला काही प्रमाणात झाकूनही टाकतात.

मेंदूची स्मृती आणि प्रतिकारशक्तीची स्मृती यांच्या यंत्रणा वेगळ्या आहेत. दोन्हींना एकच सूत्र लावता येत नाही. जास्त अंतर म्हणजे नेहमी जास्त फायदा, असंही नाही. कुत्रा चावल्यावर सरकारी दवाखान्यात त्वचेत दिली जाणारी रेबीजची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यावी लागते, कारण विषाणू मेंदूकडे निघालेला असतो आणि थांबायला वेळ नसतो. बाळाची पेंटाव्हॅलेंट, म्हणजे डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरची लसही ६, १० आणि १४ व्या आठवड्यात दिली जाते. अंतर वाढवलं तर प्रतिपिंडं जास्त बनतील, पण डांग्या खोकला तान्ह्या बाळांच्याच जिवावर उठतो, म्हणून संरक्षण लवकर मिळण्याला प्राधान्य. वेळापत्रक म्हणजे अशी तडजोड असते, आणि ती आपल्या मनानं बदलायची नसते.

वेळापत्रक पाळणं मात्र सगळ्यांना सारखं सोपं नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या पाड्यांवरची अनेक कुटुंबं पावसाळा संपला की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. छाटणी, विरळणी, मग काढणी. बाळाचा पहिला डोस गावच्या अंगणवाडीत होतो, आशाताई पुढची तारीख सांगतात, आणि त्या तारखेला आई बाळासह पन्नास-साठ किलोमीटरवरच्या बागेत असते. जगभरात २०२४ मध्ये सुमारे २ कोटी बाळांचा घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकल्याच्या लशीचा किमान एक डोस राहून गेला. त्यांतल्या १ कोटी ४३ लाख बाळांना एकही मिळाला नाही.

इथे पदार्थविज्ञान मदतीला येतं. पीएलजीए नावाचं बहुवारिक, म्हणजे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांची लांब साखळी, शस्त्रक्रियेतल्या विरघळणाऱ्या टाक्यांत कित्येक दशकांपासून वापरलं जातं. शरीरातल्या पाण्यानं ही साखळी तुटत जाते आणि उरलेली आम्लं शरीर सहज पचवतं. दोन आम्लांचं प्रमाण आणि साखळीची लांबी बदलली की विरघळण्याचा वेग बदलतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी यापासून डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढ्या डब्या साच्यात घडवल्या, आत औषध भरलं आणि वरून त्याच पदार्थाचं झाकण उष्णतेनं चिकटवलं. उंदरांना टोचल्यावर या डब्या ठरल्या वेळी फुटल्या: काही ९ व्या दिवशी, काही २० व्या, काही ४१ व्या. त्याआधी आतलं काहीही बाहेर झिरपलं नाही. एकाच इंजेक्शनमध्ये आजचा डोस, पुढच्या महिन्याचा आणि त्यापुढचाही. अंतर पाळण्याची जबाबदारी आईवर न टाकता ती पदार्थावर टाकायची, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

अडचणी आहेत. लशीला आत ३७ अंश तापमानात आठवडेच्या आठवडे टिकावं लागतं, आणि साखळी तुटताना तयार होणारं आम्ल लशीतल्या नाजूक प्रथिनांनाच इजा करतं. म्हणून २०२५ मध्ये याच गटानं पॉलिअनहायड्राइड या दुसऱ्या बहुवारिकाकडे मोर्चा वळवला. त्याचे तुकडे पाण्यात फारसे विरघळत नाहीत, त्यामुळे आतला भाग तेवढा आम्लधर्मी होत नाही. घटसर्पाच्या लशीचा एक डोस लगेच आणि दुसरा दोन आठवड्यांनी सोडणाऱ्या कणांनी उंदरांमध्ये जवळपास तेवढीच प्रतिपिंडं तयार केली, जेवढी दोन वेगळ्या इंजेक्शनांनी होतात. माणसांवरच्या चाचण्या अजून पुढे आहेत.

तोवर हातात आहे ते वापरायला हवं. डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिथे थांबलं तिथून पुढे देतात, कारण आधीच्या डोसनं घडवलेल्या पेशी शरीरात असतात. बागेवर आलेल्या प्रत्येक आईला हे सांगितलं गेलं पाहिजे, कारण ‘तारीख टळली, आता बोलतील’ या भीतीनंच कित्येक जणी दवाखान्याची पायरी चढत नाहीत. लसीकरणाच्या ऑनलाइन नोंदी ठेवणाऱ्या सरकारच्या यू-विन प्रणालीत बाळाची नोंद झालेली असेल, तर पेठला घेतलेल्या डोसची माहिती निफाडच्या आरोग्य केंद्रातही दिसू शकते आणि पुढचा डोस तिथेच देता येतो. नोंद नसेल, तर लसीकरणाचं कार्ड सोबत असलं तरी पुरतं.