यकृतातली गाठ कशी ओळखतात?

पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी केलेली असते आणि रिपोर्टात भलतीच ओळ येते : यकृतात दोन सेंटिमीटरची गाठ, कॉन्ट्रास्ट सीटी करून घ्यावे. घरच्यांच्या पोटात गोळाच येतो. खरं तर यकृताचा जुना आजार किंवा दुसरीकडे कुठे कॅन्सर नसेल, तर अशा अवचित सापडलेल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात. पण साध्या सोनोग्राफीत साधी गाठ आणि कॅन्सरची गाठ सारखीच दिसू शकते. गाठीत रक्त कुठून येतं, कधी येतं आणि किती वेळ टिकतं, यावरून त्यांच्यातला फरक कळतो.

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं. सुमारे ७५ टक्के पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून, आणि उरलेलं हिपॅटिक आर्टरीतून, म्हणजे यकृताच्या धमनीतून. यकृताच्या पेशींचा कॅन्सर वाढताना स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करतो आणि बहुतेक रक्त आर्टरीकडून ओढतो. हाताच्या शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्ट, म्हणजे सीटीच्या चित्रात रक्त उजळ दाखवणारं औषध, आधी आर्टरीत पोचतं, पोर्टल व्हेनमध्ये उशिरा. म्हणून साधारण ३५ सेकंदांनी काढलेल्या चित्रात ही गाठ झगझगीत दिसते. ७० सेकंदांच्या सुमारास सगळं यकृत उजळतं. तेव्हा, किंवा तीन ते पाच मिनिटांनी, तीच गाठ भोवतालच्या यकृतापेक्षा काळी पडलेली दिसते. याला वॉशआउट म्हणतात. सिरोसिस (यकृतात व्रण साठून ते कडक होणं) किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात या खुणा नीट जुळल्या, तर बायोप्सी न करताही कॅन्सरचं निदान पक्कं धरलं जातं.

हिमँजिओमा ही यकृतातली सर्वांत जास्त आढळणारी साधी गाठ. ती उजळताना पाहणं मला फार आवडतं. आधी कडेला तुटक तुटक ठिपके उमटतात, मग ते हळूहळू आत सरकत जातात आणि काही मिनिटांत गाठ भरून येते. आतल्या रुंद पोकळ्यांत रक्त रेंगाळत असल्यामुळे ती उजळच राहते. अगदी छोटा हिमँजिओमा मात्र एकदम उजळतो आणि क्षणभर फसवतो. दुसऱ्या अवयवातून पसरलेल्या कॅन्सरच्या गाठीला बऱ्याचदा नुसती कडा उजळते.

हेच सोनोग्राफीवरही पाहता येतं. त्यासाठी शिरेतून सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडतात. ते साधारण तांबड्या पेशीएवढे किंवा त्याहून लहान असल्यामुळे केशवाहिन्यांतून सहज जातात, पण रक्तवाहिनीबाहेर पडत नाहीत. वायू श्वासावाटे निघून जातो, मूत्रपिंडावर भार नाही. शिवाय सगळं डोळ्यांसमोर सलग घडतं, त्यामुळे नेमका क्षण हुकत नाही. पसरलेल्या कॅन्सरची गाठ बहुधा पहिल्या मिनिटाच्या आतच काळी पडू लागते, तर यकृताच्या स्वतःच्या कॅन्सरची गाठ उशिरा आणि सौम्यपणे. मात्र यकृताच्या वरच्या टोकाची, डायफ्रॅमखाली, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली, दडलेली गाठ प्रोबच्या टप्प्यात येईलच असं नाही.

म्हणूनच माझा आग्रह आहे, की गाठीच्या तपासणीसाठीच सीटी करायचा असेल तर चिठ्ठीवर ‘ट्रायफेजिक’, म्हणजे तीन वेगवेगळ्या वेळी चित्रं काढायचा, असं लिहिलेलं आहे ना, ते बघा. एकाच वेळेचं चित्र काढलं तर उजळणं आणि काळं पडणं कळणार कसं? मूत्रपिंडाचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि जुन्या तपासण्यांच्या सीडीही बरोबर न्या. एवढं करूनही काही गाठी कुठल्याच नमुन्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी कधी यकृताच्या पेशी शोषून घेतात ते खास कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करतात, तर कधी बायोप्सी.