सांधेदुखीची चिनी औषधं आणि ‘फांगजी’चा घोळ

तैवानमध्ये चिनी वैद्य सांधेदुखीला काय लिहून देतात, याचे तक्ते पाहिले की तीच तीन-चार नावं सारखी वर दिसतात. दुहुओ-जिशेंग आणि शूजिंग-हुओश्वे ही अनेक द्रव्यांची मिश्रणं, आणि अंगाच्या ‘वरच्या, मधल्या, खालच्या’ सगळ्या दुखण्यांवर चालते असं नावातच सांगणारी एक गोळी. परंपरा आजही कशी टिकून आहे याचा पुरावा म्हणून हे तक्ते दाखवले जातात. ते अर्धंच खरं आहे. १९९५ साली तिथे राष्ट्रीय आरोग्य विमा सुरू झाला आणि चिनी वैद्यकही त्यात आलं, पण औषधांपैकी पैसे मिळतात ते कारखान्यात तयार झालेल्या अर्काच्या भुकटीचे. घरी उकळून घ्यायचा काढा रुग्णाने स्वतःच्या खिशातून घ्यायचा. हे तक्ते विम्याच्या नोंदींवरून बनतात, त्यामुळे साहजिकच त्यांत काढा दिसत नाही. वैद्यांचा कल म्हणून आपण जे वाचतो, त्यात विम्याच्या नियमांचाही बराच वाटा आहे.

मूळ कल्पना सुमारे दोन हजार वर्षं जुनी: वारा, थंडी आणि ओल एकत्र अंगात शिरली की सांधे धरतात. (आपल्या ‘वाता’शी लगेच नातं जोडायचा मोह होतो. पण हा वारा बाहेरून येतो, तो शरीरातला दोष नव्हे.) दुहुओ-जिशेंग सातव्या शतकातलं, पंधरा द्रव्यांचं. वारा हाकलणाऱ्या मुळ्यांच्या जोडीला त्यात रक्त आणि मूत्रपिंडाला बळ देणारी द्रव्यं आहेत, म्हणून ते म्हाताऱ्या गुडघ्यांना आणि कमरेला दिलं जातं. शूजिंग-हुओश्वे सोळाव्या शतकातलं.

शूजिंगमध्ये आणि त्या गोळीतही एक द्रव्य आहे, फांगजी. खरा गुंता इथेच आहे. फांगजी म्हणजे नेमकी कोणती वनस्पती? ‘फन-फांगजी’ म्हणजे स्टेफानिया टेट्रांड्रा. ‘ग्वांग-फांगजी’ म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची, आणि तिच्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंड निकामी होतात. बाजारात स्टेफानियाला ‘हान-फांगजी’ही म्हणत, कारण तिचा माल हानकोव शहरातून जाई. जुन्या ग्रंथांतलं ‘हान’ मात्र हानचोंग प्रदेशाचं, आणि हानचोंगची म्हणून ओळखली जाणारी फांगजी ही बहुधा अ‍ॅरिस्टोलोकियाचीच दुसरी जात. त्यामुळे ‘शुद्ध हान-फांगजी वापरा, म्हणजे झालं’ हा सल्ला ऐकायला सोपा असला तरी ग्रंथ आणि बाजार यांत मुळात एकमत नव्हतं. आयुर्वेदातली रास्ना म्हणून उत्तरेत एक, दक्षिणेत दुसरी आणि बंगालात तिसरीच वनस्पती विकली जाते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

घोळ उघड झाला तो ब्रसेल्समध्ये, आणि तोही सांधेदुखीमुळे नव्हे. वजन कमी करण्याच्या गोळ्यांत स्टेफानियाच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया गेली आणि शंभराहून जास्त रुग्णांची, बहुतेक बायकांचीच, मूत्रपिंडं बिघडली. पहिला वैद्यकीय अहवाल १९९३चा. २०००मध्ये कळलं की तपासलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग होता. तैवानने ग्वांग-फांगजीसह पाच द्रव्यांवर बंदी घातली ती नोव्हेंबर २००३मध्ये. पहिल्या अहवालानंतर दहा वर्षांनी! १९९७ ते २००३ या काळात तिथल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना असं आम्ल असू शकणारं औषध कधी ना कधी लिहून दिलं गेलं होतं, आणि त्यात शूजिंग-हुओश्वे ठळकपणे होतं. बंदीच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघेही परंपरेचाच दाखला देत होते. एक म्हणत, चूक फक्त नावाची. दुसरे म्हणत, शतकानुशतकं वापरलेलं द्रव्य एकाएकी विष कसं झालं? पण असं विष वर्षानुवर्षं मुकाट काम करतं. गुडघा आज बरा झाला आणि मूत्रपिंड पंधरा वर्षांनी गेलं, तर वैद्य ते कशाला जोडणार?

बंदीतून शिशिन नावाची वनस्पती सुटली. दुहुओ-जिशेंगमध्ये ती आहे आणि तिच्यातही हे आम्ल थोडं असतं. पानांपेक्षा मुळात ते कमी, म्हणून चीनच्या २००५च्या औषधकोशाने अख्ख्या झाडाऐवजी फक्त मूळ आणि कंद ठेवला.

तक्ते मात्र तसेच चालू राहिले. बंदीपूर्वीचं शूजिंग-हुओश्वे आणि नंतरचं शूजिंग-हुओश्वे एकाच नावाने, एकाच ओळीत मोजलं जातं. पुडीतली फांगजी कोणती, ते त्या ओळीत लिहिलेलं नसतं.