इंग्लंडमधला 'फुटपाथ' आणि आपला फुटपाथ: एका शब्दामुळे तक्रार कुठे अडकते

आई पहिल्यांदा आमच्याकडे इंग्लंडला आली तेव्हाची गोष्ट. घराजवळच्या रस्त्याच्या कडेला झाडाच्या मुळांनी एक फरशी वर उचलली होती. त्या फरशीची ठेच लागून आई गुडघ्यांवर पडली. हाड मोडलं नाही, पण पुढचे कितीतरी दिवस ती एकटी बाहेर पडायला तयार नव्हती. त्याच संध्याकाळी मी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाच्या, वेबसाइटवर तक्रार नोंदवली. यादीत 'फुटपाथ' हा पर्याय दिसला, तोच निवडला. आठवड्याने उत्तर आलं: वाटेचा क्रमांक कळवा, फाटक किंवा कुंपण कुठे लागतं ते सांगा. तोवर फरशी होती तशीच होती.

मी निवडलेला शब्दच वेगळ्या गोष्टीचा होता. आपण मराठीत ज्याला फुटपाथ म्हणतो, त्याला इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्यात 'फुटवे' म्हणतात. बोलताना इथले लोक त्यालाच 'पेव्हमेंट' म्हणतात. कायद्यातला 'फुटपाथ' म्हणजे फक्त पायी जाण्यासाठी असलेली स्वतंत्र सार्वजनिक वाट: शेतांमधून, रानातून, नदीकाठाने, कधी दोन घरांच्या मधून जाणारी. 1980 च्या हायवेज अ‍ॅक्टच्या कलम 329 मध्ये दोन्हींच्या व्याख्या आहेत आणि ओळखायची खूण सोपी आहे. वाटेला लागून त्याच रस्त्याचा गाड्यांसाठीचा भाग असेल तर ती फुटवे, नसेल तर फुटपाथ. वर डांबर आहे की माती, याच्याशी या व्याख्येचा संबंध नाही.

'हायवे' या शब्दानेही आपली फसगत होते. आपल्या डोळ्यांसमोर मोठा राष्ट्रीय महामार्ग येतो. इथे मात्र लोकांना जाण्या-येण्याचा हक्क असलेली कोणतीही वाट म्हणजे हायवे. त्यामुळे फुटवे आणि फुटपाथ दोन्ही हायवेतच मोडतात आणि दोन्हींची जबाबदारी सहसा एकाच संस्थेकडे, म्हणजे स्थानिक हायवे अथॉरिटीकडे असते. जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन कौन्सिल आहेत तिथे हे काम काउंटीचं. झाडलोट आणि कचरा डिस्ट्रिक्टचा. लंडनमधल्या रेड रूटवरच्या, म्हणजे कडेला लाल रेषा आखलेल्या मुख्य रस्त्यांवरच्या, फुटवेची तक्रार ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या शहराच्या वाहतूक संस्थेकडे जाते. पण संस्था एक असली तरी आत टेबलं वेगळी असतात, आणि माझी तक्रार नेमकी तिथे अडकली.

फुटवे बघणारी माणसं रस्त्याच्या विभागातली. ती ठरावीक काळाने पाहणी करतात आणि खड्डा किंवा उंचवटा मोजतात. किती उंचीला दुरुस्ती करायची हे प्रत्येक कौन्सिल आपल्या धोरणात ठरवते. फुटवेसाठी बऱ्याच ठिकाणी 20 ते 25 मिलिमीटरचा आकडा दिसतो. हा आकडा कायद्यात नाही. कोर्ट बघतं ते ती जागा खरोखर धोकादायक होती का.

तक्रार नोंदवण्याला इतकं महत्त्व का आहे, ते इथे कळतं. त्याच हायवेज अ‍ॅक्टच्या कलम 41 प्रमाणे रस्ता सुस्थितीत ठेवणं हे अथॉरिटीचं कर्तव्य आहे. पण कुणी पडून जखमी झालं आणि भरपाई मागितली, तर कलम 58 खाली अथॉरिटीला बचाव करता येतो: आम्ही वाजवी ती सगळी काळजी घेतली होती. हा बचाव तपासताना कोर्ट विचारतं की या धोक्याची अथॉरिटीला माहिती होती का, किंवा असायला हवी होती का. आधी कुणी तारखेसह तक्रार केलेली असेल तर 'आम्हाला माहीतच नव्हतं' असं म्हणणं अवघड होतं. आपण पडलो नाही म्हणून पुढे निघून जाणं मला म्हणूनच पटत नाही. तुमच्या तक्रारीचा क्रमांक उद्या पडणाऱ्या एखाद्या आजींच्या उपयोगी पडू शकतो. तो जपून ठेवा.

फुटपाथचं काम सार्वजनिक वाटांच्या, म्हणजे 'राइट्स ऑफ वे'च्या विभागाकडे. तिथले प्रश्नच निराळे. चिखल झाला एवढ्यावरून दोष धरता येत नाही, कारण शेतातल्या वाटेकडून शहरातल्या फरशीची अपेक्षा कायदाही करत नाही. कुंपण ओलांडायच्या पायऱ्या आणि फाटकं नीट ठेवणं हे जमीनमालकाचं काम. त्याच्या वाजवी खर्चाचा किमान चौथा हिस्सा अथॉरिटी देते. शेताच्या मधून जाणारी वाट वगळून नांगरणं सोयीचं नसेल तर शेतकऱ्याला ती नांगरता येते, पण पेरणीसाठी नांगरली असेल तर 14 दिवसांत किमान 1 मीटर रुंदीची वाट पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. बांधाच्या कडेने जाणारी वाट मात्र नांगरायचीच नाही.

सायकलच्या बाबतीतही फरक आहे. फुटवेवर सायकल चालवणं 1835 च्या कायद्याखाली गुन्हा आहे. फुटपाथवर तो सहसा गुन्हा ठरत नाही, जमीनमालकाशी असलेला दिवाणी प्रश्न ठरतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दोन घरांच्या मधल्या बोळाचा. डांबर असतं, दिवे असतात, दिसायला अगदी फुटवे. पण शेजारी गाड्यांचा रस्ता नाही म्हणून कायद्याने तो फुटपाथ. तरीही त्याची दुरुस्ती कित्येकदा रस्त्यांचा विभागच करतो. अशा वेळी दोन नोंदी बघाव्यात. एक म्हणजे 'डेफिनिटिव्ह मॅप', सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा. वाटेचा क्रमांक तिथेच मिळतो. दुसरी 'लिस्ट ऑफ स्ट्रीट्स', म्हणजे सरकारी खर्चाने सांभाळायच्या रस्त्यांची यादी. दोन्हींत बोळ सापडला नाही तर तो खासगी असण्याची शक्यता बरीच, मग हाउसिंग असोसिएशनला (भाड्याने घरं देणारी संस्था) किंवा मालकाला विचारावं लागतं.

तक्रार लिहिताना फुटवेसाठी समोरच्या घराचा नंबर आणि जवळच्या दिव्याच्या खांबावरचा क्रमांक द्या. फोटोत फरशीशेजारी एखादं नाणं ठेवा, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. वाटेतल्या चेंबरचं मोडकं झाकण पाणी, वीज किंवा फोनच्या कंपनीचं असेल तर त्यावर बहुतेक वेळा नाव किंवा अक्षरं असतात, तीही टिपा. ते झाकण सुस्थितीत ठेवणं 1991 च्या कायद्याने त्या कंपनीचं काम आहे. फुटपाथसाठी नकाशावरचा ग्रिड रेफरन्स, म्हणजे जागा दाखवणारे चौकटींचे आकडे हवेत, कारण शेतात घराचा नंबर नसतो. झाकण गायब असेल किंवा वीजवाहिनी उघडी पडली असेल तर फॉर्म भरत बसू नका, फोन करा. कौन्सिल कोणती हेच कळत नसेल तर 2007 पासून चालणारी फिक्समायस्ट्रीट ही सेवा नकाशावरच्या जागेवरून तक्रार योग्य कौन्सिलकडे पाठवते. पण प्रकार तिथेही आपल्यालाच निवडावा लागतो.

मी दुसऱ्यांदा 'पेव्हमेंट' निवडून, खांबाचा क्रमांक देऊन तीच तक्रार केली. दोन दिवसांनी फरशीभोवती पांढऱ्या रंगाचा चौकोन आखलेला दिसला.