कोल्हा की खोकड? काडतुसाचा भाव विचारण्याआधी

कोंबड्या गेल्या, शेळीचं पिलू गेलं, टरबुजाच्या वाडीत फळं फोडलेली दिसली, की आमच्याकडे पारावर पहिला आरोपी ठरतो तो कोल्हा. त्यामागोमाग प्रश्न येतो, "भाऊ, त्याच्यासाठी सस्तं काडतूस कोणतं?" मोबाइल आल्यापासून हा प्रश्न वाढला आहे. त्यावरच्या व्हिडिओत इंग्लंड-ऑस्ट्रेलियातले शेतकरी रायफलवर दुर्बीण लावून रात्री कोल्हे टिपतात, कोणती गोळी किती स्वस्त पडते याची चर्चा करतात. पॉइंट टू टू बोअरची गोळी स्वस्त, पण पल्ला जवळचा. पॉइंट टू टू थ्री महाग, पण लांबवर सरळ जाते. हे गणित त्यांच्या देशात ठीक आहे. तिथला प्राणी म्हणजे लाल कोल्हा, पाच ते आठ किलोचा, आणि त्याला मारायला तिथला कायदा आडवा येत नाही. विदर्भात लाल कोल्हा नाही. इथे आहेत कोल्हा (इंग्रजीत जॅकल) आणि खोकड (इंडियन फॉक्स). दोघांनाही गावात सरसकट कोल्हाच म्हटलं जातं आणि एकाच्या गुन्ह्याची शिक्षा बऱ्याचदा दुसऱ्याला मिळते.

कोल्हा हा कुत्रा-लांडग्याच्या घराण्यातला. वजन आठ ते अकरा किलो, उंची गावठी कुत्र्यापेक्षा थोडी कमी. अंगावर पिवळट-तांबूस आणि काळ्या केसांची मिसळ, पाठ गडद, पाय तांबूस. शेपूट आखूड, अंगाच्या जेमतेम तिसरा हिस्सा.

खोकड अगदीच लहान. दोन ते चार किलो, म्हणजे चांगल्या पोसलेल्या बोक्याएवढंच. राखाडी अंग, काटकुळे पाय, निमुळतं तोंड, डोक्याच्या मानाने मोठे कान. त्याची खरी ओळख शेपटात आहे. ते झुबकेदार असतं आणि अंगाच्या निम्म्याहून लांब. शेपटाचं टोक काळं दिसलं म्हणून निकाल देऊ नये. दोघांचंही टोक काळपट असतं. लांबी बघायची. खोकड पळतं तेव्हा ते शेपूट मागे आडवं तरंगतं, आणि वळताना ते इतक्या झटक्यात दिशा बदलतं की बॅटरीचा झोत मागेच राहतो. कोल्हा असा पळत नाही. तो दुडक्या चालीने जातो, थोडं अंतर गेला की थांबतो, मान वळवून बघतो, मग तुरीत शिरतो.

अंधारात काहीच दिसलं नाही तरी कान कामाला येतात. दिवेलागणीला एकाने सूर धरला की नाल्यापलीकडून दुसरा, मग तिसरा, आणि गावातली कुत्री त्यात भर घालतात, ती कोल्हेकुई. खोकडाला असा कळप करून ओरडायची सवय नाही. ते जोडीने राहतं आणि किरट्या आवाजात तुटक भुंकतं. जागलीवर बसणाऱ्यांना हा फरक माहीत असतो; पारावर बोलणाऱ्यांना बहुधा नसतो.

ठसे बघायचे तर सकाळी लवकर, पांदणीच्या धुळीत किंवा ओलीत केलेल्या वावराच्या कडेला. कोल्ह्याचा ठसा साधारण पाच सेंटिमीटर लांबीचा, खोकडाचा त्याहून बराच लहान. कोल्ह्याची एक खूण फारशी कुणाला ठाऊक नसते. त्याच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला एकमेकींना जोडलेल्या असतात. मऊ चिखलात ते स्पष्ट उमटतं. कुत्र्याच्या ठशात त्या गाद्या सुट्या असतात आणि ठसा पसरट असतो. ही तिसरी शक्यता मुद्दाम सांगतो आहे, कारण कोंबड्यांच्या खुराड्यावर पडलेल्या धाडीत अनेकदा मोकाट कुत्र्यांचा हात असतो आणि त्यांचं नाव कोणी घेत नाही. खुराड्यातल्या दहा-बारा कोंबड्या मारून तिथेच टाकलेल्या असतील, तर आधी कुत्र्यांवर संशय घ्यावा. एखादी कोंबडी उचलून नेली आणि पिसांची रेघ नाल्याकडे गेली, तर कोल्हा असू शकतो, रानमांजरही असू शकतं. मुंगूस अंड्यांवर आणि पिलांवर टपलेलं असतंच.

खातात काय, यात दोघांचा फरक सर्वांत मोठा आहे. कोल्हा मिळेल ते खातो. उंदीर, मेलेली ढोरं, बोरं, भुईमुगाच्या शेंगा, मक्याची कणसं, टरबूज. संधी मिळाली तर कोंबडी, आणि आई चरायला गेलेली असताना मागे राहिलेलं शेळीचं पिलूही. टरबुजाच्या वाडीचं त्याने केलेलं नुकसान खरं आहे. एक फळ पुरतं खाऊन थांबेल असा तो नाही, दहा ठिकाणी तोंड लावतो. खोकडाचं पोट मात्र किड्यांवर चालतं. वाळवी, भुंगे, नाकतोडे, उंदीर, सरडे, पावसाळ्यात खेकडे, हिवाळ्यात बोरं. जमिनीवरच्या पाखरांची अंडीही ते खातं. बेरारी शेळीचं नुकतंच जन्मलेलं करडू साधारण दोन किलोचं असतं, म्हणजे जवळजवळ खोकडाएवढंच. ते उचलून नेणं खोकडाच्या आवाक्यातलं काम नाही. तरी धुऱ्यावरच्या बिळात धूर कोंडला जातो तो खोकडाच्याच, कारण त्याचं बीळ सापडतं आणि कोल्हा सापडत नाही.

बिळाचंही सांगतो. खोकडाला उघडं माळरान, गवत, तुरळक झुडपं लागतात. दाट जंगल ते टाळतं. वाशीम, अकोला, बुलडाणा, अमरावतीकडची गवताळ राने त्याची. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य अशाच गवताळ रानात आहे. त्याच्या बिळाला एकापेक्षा जास्त तोंडं असतात. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान त्यात दोन ते चार पिलं असतात. कोल्ह्याला जागेचं असं काही पथ्य नाही. नदीकाठ, ओढ्याची घळ, झुडपी जंगल, गावाबाहेरचा उकिरडा, संत्र्याच्या बागेची कड, सगळीकडे त्याचं चालतं. पूर्व विदर्भात झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वनजमिनी ठरवल्या. ज्या रानात हे प्राणी राहतात ते बहुतेकदा कुणाचंच नसल्यासारखं वापरलं जातं, म्हणून हे सांगितलं.

आता काडतूस. कोल्हा असो की खोकड, दोघेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दोघेही पहिल्या अनुसूचीत आहेत. तीच अनुसूची, जिच्यात वाघ आहे. शिकारीचा गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षे, जास्तीत जास्त सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारायची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात, तीही प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा दुरुस्त न होण्याइतका जखमी-आजारी असेल तर. पिकाचं नुकसान हे कारण तिथे चालत नाही. इथे बरेच जण घोटाळा करतात. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) दुसऱ्या अनुसूचीत आहेत, तिथे पिकाच्या नुकसानीचं कारण चालतं, आणि महाराष्ट्रात वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन त्यांना मारता येतं. ती परवानगी त्या प्राण्यापुरती असते. पीक संरक्षणाचा बंदूक परवाना खिशात आहे म्हणून समोर येईल त्यावर चाप ओढता येत नाही. डुकरासाठी मिळालेल्या परवानगीवर कोल्हा पाडणं हा सरळ गुन्हा आहे.

दुसरी पळवाट एअरगनची. पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरची, वीस ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअरगन विकत घ्यायला परवाना लागत नाही, हे खरं. पण परवाना लागत नाही तो हत्याराला. त्या छर्ऱ्याने खोकड मारलं तर ती शिकारच, आणि कलम तेच. शिवाय तेवढ्या ताकदीचा छर्रा कोल्ह्याला जागेवर पाडत नाही. तो रुतलेला छर्रा घेऊन पळतो आणि चार दिवस कुठेतरी सडत मरतो. विष घातलेलं मांस, पिठात गुंडाळलेला गावठी बॉम्ब, तारेचा फास, थेट लाइनवरून सोडलेला करंट, हे सगळं कायद्याच्या भाषेत शिकारीतच मोडतं. विषाला तर माणूस-ढोर कळत नाही. कोल्ह्यासाठी टाकलेल्या मांसाने राखणीचा कुत्रा गेल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात एक तरी निघेल.

मग उपाय काय? तो प्राणी ओळखून ठरतो, आणि बहुतेक वेळा काडतुसांच्या एका डब्यापेक्षा स्वस्त पडतो.

खुराड्याला आपण जी षटकोनी कोंबडजाळी लावतो, ती कोंबड्या आत ठेवायला ठीक आहे. कोल्हा ती दातांनी फाडतो. वेल्डिंगची, इंचभर भोकाची जाळी लावावी, कमरेपर्यंत तरी. कोल्हा जाळीवरून उडी मारण्याआधी खालून उकरून बघतो. म्हणून जाळीचा खालचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा वळवून त्यावर माती आणि दगड घालावेत. तो जाळीच्या अगदी मुळाशी उकरतो आणि पायाखाली जाळीच लागते. दार सूर्य मावळण्याआधी बंद व्हावं. खोकडाची भीती पिलांपुरती आणि अंड्यांपुरती. कोल्ह्यासाठी केलेली सोय त्याला पुरून उरते. फक्त फटी बुजवा, ते बारीक जागेतून शिरतं. शेळ्या वितील त्या दिवसांत करडं बंद कोठ्यात ठेवली तर कोल्ह्याचा विषय तिथेच मिटतो.

पण गावाने एकत्र करायचं खरं काम वेगळं आहे आणि ते कोणालाच आवडत नाही. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या नाल्यात फेकतात. मेलेलं ढोर पांदणीच्या कडेला ओढून टाकलं जातं. कोंबडीच्या दुकानातला कचरा गावाबाहेर रोज सांडतो. कोल्हे आणि मोकाट कुत्री गावाच्या कडेला वाढतात ती या मेजवानीवर. चुना घालून खोल खड्ड्यात पुरायचा खर्च फार नसतो, पण ग्रामसभेत हा विषय निघाला की सगळे एकमेकांकडे बघतात. बाकी वर्षभर कोल्ह्याच्या नावाने बोटं मोडायला मात्र सगळे पुढे. उंदरांचा हिशोबही इथेच मांडायला हवा. हरभऱ्यात आणि गव्हात बिळं करणारे उंदीर कोल्हा आणि खोकड दोघेही रात्रभर टिपत असतात, आणि त्याचं बिल कुणाला लावत नाहीत.

शेळी किंवा करडू मारलं गेलंच, तर वनखात्याच्या भरपाईच्या यादीत वाघ-बिबट्यासोबत कोल्ह्याचंही नाव आहे. ४८ तासांच्या आत जवळच्या वनरक्षकाला किंवा वनपालाला कळवावं, पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नये, मोबाइलवर ठशांचे फोटो शेजारी काडेपेटी ठेवून काढावेत, म्हणजे माप कळतं. कुत्र्यांनी मारलं असेल तर ही भरपाई मिळत नाही. त्यामुळे वर सांगितलेली ठशाची खूण इथे पैशाच्या कामाची आहे.

एका बाबतीत मात्र कोल्हा आणि खोकड यांत फरक करत बसू नये. दिवसाढवळ्या गावात शिरलेला, तोल जाणारा, लाळ गाळणारा, माणसाला न भिणारा प्राणी दिसला, तर तो पिसाळलेला असू शकतो. जवळ जायचं नाही, काठी घेऊन घेरायचं नाही, पोरांना घरात घ्यायचं आणि १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन लावायचा. चावा किंवा ओरखडा असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, वर हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करायची. चावणारा कोल्हा होता की खोकड, हे डॉक्टरला सांगता आलं नाही तरी लस तीच असते.