वयाचं बंड की लहानपणापासूनची आडवाट?

पंधरा वर्षांची दोन मुलं. दोघांनीही दुसऱ्याची मोटारसायकल किल्लीशिवाय चालू करून पळवली आणि दोघंही पकडले गेले. नोंदीत गुन्हा एकच, वय एकच. मग घरात, शाळेत, पोलीस ठाण्यात दोनपैकी एक निकाल ऐकू येतो: ‘वयच तसं आहे, मोठा झाला की सुधारेल’ नाहीतर ‘हे पोरगं हाताबाहेर गेलंय’. पंचाईत अशी, की हे निकाल बरेचदा नेमके उलट्या मुलाच्या वाट्याला येतात.

या दोघांमधला फरक मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ साली मांडला. त्यांच्या मांडणीला न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरातल्या दीर्घ अभ्यासाचा आधार होता. तिथे १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा वयाच्या तिसऱ्या वर्षापासून पाठपुरावा चालू होता. मॉफिट यांचं म्हणणं असं: पंधराव्या-सोळाव्या वर्षी गुन्हा करणाऱ्या मुलांच्या गर्दीत दोन वेगळे गट मिसळलेले असतात. एकाचं वागणं किशोरवयापुरतं असतं. दुसऱ्याचं फार आधीपासून सुरू झालेलं असतं आणि पुढेही चालू राहण्याचा धोका असतो. त्या वयात नुसत्या गुन्ह्याकडे पाहून कोण कुठल्या गटातला, हे सांगता येत नाही.

पहिला गट खूप मोठा. बारा-तेरापर्यंत यांच्याबद्दल कुणाची खास तक्रार नसते. मग अंगाने वाढलेला, पण कशातच मोठ्यांमध्ये न धरला जाणारा मुलगा ज्यांनी ‘मोठेपण’ आधीच बळकावलंय अशांकडे बघू लागतो. सिगारेट, रात्रीची भटकंती, चोरीची गाडी ही त्याच्या लेखी स्वातंत्र्याची लक्षणं. आणि हे तो सहसा एकटा करत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ वापरला. सिग्नल पिवळा झाल्यावर थांबायचं की आणखी पुढे दामटायचं, एवढाच निर्णय. मित्र शेजारी उभे असले की किशोरवयीन मुलं एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत. मोठ्या माणसांत तसा फरक जवळजवळ दिसला नाही. त्यामुळे ‘एवढा हुशार मुलगा, असं कसं वागला?’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या वेळी सोबत कोण होतं यात असतं.

दुसरा गट छोटा, पण भारी पडणारा. फिलाडेल्फियात १९४५ साली जन्मलेल्या सुमारे दहा हजार मुलग्यांच्या नोंदी मार्विन वुल्फगँग आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. जेमतेम ६ टक्के मुलगे पाच किंवा अधिक वेळा पोलिसांच्या नोंदीत आले होते. या सगळ्या दहा हजारांच्या मिळून निम्म्याहून अधिक गुन्ह्यांत तेच होते. उलट, ज्यांची कधीतरी नोंद झाली त्यांच्यापैकी ४६ टक्के पहिल्या वेळेनंतर पुन्हा दिसलेच नाहीत.

या छोट्या गटाची गोष्ट मोटारसायकलच्या खूप आधी, घरातच सुरू होते. जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांचं निरीक्षण करून तिचा गाभा टिपला. पाच वर्षांच्या मुलाला आई खेळणी आवरायला सांगते. तो नाही म्हणतो. ती आवाज चढवते, तो किंचाळतो, वस्तू फेकतो. दिवसभराच्या कामाने थकलेली आई म्हणते, ‘जाऊ दे, मीच आवरते.’ तेवढ्यापुरती शांतता. पण दोघंही काहीतरी शिकले: आरडाओरडा केला की काम टळतं आणि माघार घेतली की गोंधळ थांबतो. दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षं हेच घडलं की मूल हीच रीत शाळेत घेऊन जातं. तिथे बाकीची मुलं त्याला टाळतात, शिक्षक वैतागतात, अभ्यास मागे पडतो. मग त्याला सामावून घेणारे उरतात ते त्याच्यासारखेच. आधीच चंचल, भाषेत किंवा एकाग्रतेत कमी पडणारं मूल, घरात मारहाण किंवा व्यसन, पोटापाण्याच्या चिंतेने पिचलेले पालक हे सगळं एकत्र आलं की हा फेरा लवकर घट्ट होतो. इथे ‘आईचं चुकलं’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्या घरात तिच्या मदतीला कोण होतं, हे आधी विचारावं.

तेव्हा ओळखायचं कसं? गुन्हा किती मोठा यापेक्षा सुरुवात कधी झाली आणि किती ठिकाणी दिसते, हे विचारावं. तिसरीतल्या वर्गशिक्षिकेला हा मुलगा कसा आठवतो? घर, शाळा, मैदान सगळीकडे तेच, की फक्त या टोळक्यासोबत?

उपाय इथेच वेगळे होतात. पहिल्या मुलाच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका आपल्या अतिउत्साहाचा. झालेल्या नुकसानीची भरपाई त्याच्याकडून करून घ्यावी, संध्याकाळी तो कुठे आणि कुणासोबत असतो यावर लक्ष ठेवावं, शाळा सुटू देऊ नये. त्याला अट्टल मुलांमध्ये नेऊन ठेवणं म्हणजे शिकवणी लावण्यासारखंच. अमेरिकेत १९३९ साली सुरू झालेल्या केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्पात शेकडो मुलग्यांपैकी निम्म्यांना वर्षानुवर्षं समुपदेशन, शिकवणी, उन्हाळी शिबिरं मिळाली. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी माग काढला, तर मदत मिळालेल्यांचीच अवस्था काही बाबतींत वाईट निघाली; पुढच्या विश्लेषणात बोट शिबिरांकडे, म्हणजे एकत्र आणलेल्या मुलांच्या आपसातल्या प्रभावाकडे गेलं. तुरुंग दाखवून, कैद्यांकडून दरडावून घेऊन मुलांना घाबरवण्याचे कार्यक्रमही तपासले गेले आहेत. त्यांनी गुन्हे कमी झाले नाहीत, उलट वाढले. तरी ते लोकप्रिय आहेत, कारण बघणाऱ्या मोठ्यांचं समाधान होतं. बालगुन्हेगारी रोखण्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या रियाध मार्गदर्शक तत्त्वांत तर स्पष्ट नोंद आहे, की चाकोरीबाहेरचं वागणं हा बहुतेकदा वाढीचाच भाग असतो आणि मोठेपणी आपोआप सरतो. ‘गुन्हेगार’ हा शिक्काच उलट तसं वागणं पक्कं करू शकतो.

दुसऱ्या मुलासाठी मात्र ‘आपोआप सरेल’ म्हणत थांबणं घातक. त्याच्यावरचा उपाय पंधराव्या वर्षी महागात पडतो आणि कमी लागू पडतो. तो पाचव्या वर्षी हवा. पालकांना भांडणाचा तो फेरा तोडायला शिकवणं, चांगलं वागल्याची लगेच दखल घेणं, छोटी पण ठरलेली शिक्षा, वाचनातली अडचण वेळीच हेरणं, असं हे साधं, कंटाळवाणं काम आहे. मिशिगनमधल्या पेरी बालवाडी प्रयोगात १९६० च्या दशकात १२३ गरीब मुलं होती. चाळिशीपर्यंत पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचं प्रमाण बालवाडी आणि गृहभेटी मिळालेल्यांत ३६ टक्के, न मिळालेल्यांत ५५ टक्के होतं.

आता ही वर्गवारी फार पक्की धरू नये. पहिल्या गटातला मुलगाही व्यसनात अडकला, शाळा सोडून बसला किंवा नोंदीमुळे नोकरीला मुकला तर वय उलटूनही बाहेर पडत नाही. आणि दुसऱ्याचं भविष्य लिहून ठेवलेलं नसतं. ली रॉबिन्स यांच्या संशोधनातून दिसलं, की समाजविघातक वागणाऱ्या प्रौढांचं बालपण जवळजवळ नेहमी तसंच होतं, पण तसं बालपण असलेली बहुतेक मुलं पुढे तशी झाली नाहीत. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब यांनी बॉस्टन परिसरातल्या सुधारगृहांत राहिलेल्या ५०० मुलांच्या जुन्या नोंदी हाती घेतल्या आणि त्यांच्यापैकी काहींना सत्तरीत गाठलं. टिकाऊ नोकरी, चांगला जोडीदार, लष्करातली भरती अशा वळणांवर बरेचजण गुन्ह्यातून बाहेर पडले होते, काही तर चाळिशी उलटल्यावर.