मुंबईचा पोलिसपट

मुंबईचा पोलिसपट म्हणजे चाळी, झोपडपट्ट्या, गिरणगाव, गोदीचा परिसर, उपनगरातल्या दाटीच्या वस्त्या अशा ठिकाणी घडणारा आणि गुन्ह्याची गोष्ट पोलीस स्टेशनच्या आतून सांगणारा सिनेमा. यातला हिरो वर्दीतला असतो पण तो जिंकेलच असं नाही, बऱ्याचदा हरतोच, आणि त्याला हरवायला गुंड लागत नाही, वरून आलेला एक फोन पुरतो. हे सिनेमे बहुतेक हिंदीत आहेत, तरी त्यातली माणसं, आडनावं, शिव्या, घरं आणि कितीतरी वेळा लिहिणारा हातसुद्धा मराठी आहे. ही गोष्ट नेहमी शेवटी एका ओळीत उरकली जाते म्हणून इथे सुरुवातीलाच सांगितली.

पोलीस दिसला की पोलिसपट असं नाही. २०११ चा 'सिंघम' गोव्यात घडतो, त्यात बाजीराव सिंघम नावाचा मराठी इन्स्पेक्टर आहे, पण मूळ तमिळ सिनेमावरून केलेला तो मारधाडपट आहे आणि त्यात एका माणसाने ठरवलं की सगळी व्यवस्था सरळ होते. इथे ज्या सिनेमांबद्दल बोलतोय त्यात व्यवस्था सरळ होत नाही, आणि गल्ली, नाका, चाळीचा जिना हे नुसते मागचे देखावे नसतात, माणूस असा का वागला याचं निम्मं उत्तर तिथेच असतं.

१९७३ चा 'जंजीर' इथून सुरुवात धरतात. प्रकाश मेहरांचं दिग्दर्शन, सलीम-जावेदचं लेखन, आणि इन्स्पेक्टर विजय खन्ना झालेला अमिताभ बच्चन, ज्याने स्टेशनात आलेल्या शेरखानसमोरची खुर्ची लाथेने उडवली आणि हिंदी सिनेमाचा संतापलेला तरुण जन्माला आला. पण विजयचा राग घरच्यांच्या खुनाचा आहे, खासगी आहे. नोकरीनेच माणूस आतून कसा पोखरला जातो ते यायला अजून दहा वर्षं होती.

१९८२ आणि 'अर्धसत्य'

ते समजायचं तर १९८२ सालची मुंबई डोळ्यासमोर आणावी लागते. ११ जानेवारीला वडाळ्यात गुंड मन्या सुर्वेला पोलिसांनी गोळ्या घातल्या, कीर्ती कॉलेजात शिकलेला मराठी पोरगा, आणि शहरातलं पहिलं एन्काउंटर म्हणून आजही त्याच दिवसाचं नाव घेतात. आठवडाभरात, १८ जानेवारीला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, साधारण अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक परत कधी आत गेलेच नाहीत. आणि ऑगस्टमध्ये खुद्द मुंबई पोलिसांच्या शिपायांनीच बंड केलं, पगार, घर, ड्युटीचे तास आणि साहेबांच्या घरची कामं हे सगळं साचलेलं बाहेर आलं, दगडफेक जाळपोळ झाली, त्यांची संघटना मोडली गेली, कित्येकांची नोकरी गेली. संपावरचा कामगार आणि त्याच्यावर लाठी चालवणारा शिपाई एकाच गावाकडून आलेले, कधी एकाच चाळीत राहणारे. एका वर्षात हे तिन्ही घडलं, आणि पुढच्याच वर्षी गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य' आला.

मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे आणि ज्या कवितेवरून नाव आलं ती दिलीप चित्र्यांची. सब इन्स्पेक्टर अनंत वेलणकर झालाय ओम पुरी. बाप स्वतः पोलिसात होता, घरी बायकोला मारायचा, आणि पोराला पुढे शिकायचं होतं तरी त्याने त्याला पोलिसातच घातलं. बापाच्या भूमिकेत अमरीश पुरी आहे. या सिनेमातला सगळ्यात भीतीदायक माणूस माझ्या मते त्यातला गुंड रामा शेट्टी नसून हा म्हातारा आहे, कारण वेलणकरच्या हातात जी काठी आहे ती घरातूनच आलीय.

रामा शेट्टीचं काम सदाशिव अमरापूरकरांनी केलं, मराठी रंगभूमीवरचा अहमदनगरचा हा नट त्याआधी हिंदी प्रेक्षकाला माहीतच नव्हता. एक प्रसंग बघा. शेट्टीच्याच माणसाचा जळून कोळसा झालेला देह, त्याने मरता मरता दिलेली जबानी, आणि ती घेऊन शेट्टीला उचलायला गेलेला वेलणकर. शेट्टी आवाज चढवत नाही, उठून उभा राहत नाही, हत्यार काढत नाही. तो एक फोन लावतो. थोड्या वेळात वेलणकरला वरून ऑर्डर येते, परत ये. ओम पुरीच्या चेहऱ्यावर तेव्हा राग दिसत नाही, लाज दिसते, आणि या प्रकारातले पुढचे सगळे सिनेमे त्या लाजेतून निघालेत असं म्हटलं तरी चालेल. पुढे तो दारू प्यायला लागतो, पकडलेल्या दरोडेखोराचं श्रेय दुसऱ्या अधिकाऱ्याला जातं, त्या भरात लॉकअपमधल्या एका भुरट्या चोराला तो इतका मारतो की तो मरतो, आणि आता सुटायचं तर मदत मागायला त्याच शेट्टीच्या दारात जावं लागतं. तिथे काय होतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी पाहावंच.

तेंडुलकर इथे अचानक आलेले नाहीत. १९७२ मध्ये त्यांचं 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आलं होतं, नंतर नेहरू फेलोशिप घेऊन त्यांनी हिंसेचा अभ्यास केला. सत्तेने आपल्या सोयीसाठी एक कोतवाल उभा करायचा, त्याच्याकडून नको ती कामं करून घ्यायची आणि काम झालं की त्याला लोकांच्या हवाली करायचं हे त्यांनी पेशवाईतल्या पुण्यात दाखवलं होतं, वेलणकर हा त्याच कोतवालाचा भाऊ आहे, फरक एवढाच की याला स्वतःचा वापर होतोय हे कळतं. सिनेमाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा आणि ओम पुरीला अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फिल्मफेअरमध्ये चित्रपट आणि दिग्दर्शनाबरोबर पानवलकर, तेंडुलकर, अमरापूरकर या तिघांचीही नावं होती.

एन्काउंटरचा काळ

नव्वदचं दशक वेगळं होतं. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली, खंडणीचे फोन बिल्डरपासून सिनेमावाल्यांपर्यंत सगळ्यांना यायला लागले, १९९७ मध्ये गुलशन कुमारांना अंधेरीत भर दिवसा मारलं, १९९९ ला मकोका हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा आला. आणि एन्काउंटर ही रोजची बातमी झाली. फक्त १९९५ ते १९९७ या काळातल्या ९९ चकमकींत १३५ माणसं मेल्याचं प्रकरण कोर्टात गेलं होतं, त्याच खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये प्रत्येक चकमकीनंतर एफआयआर आणि स्वतंत्र चौकशी झालीच पाहिजे असे नियम घालून दिले. म्हणजे मध्ये जवळजवळ वीस वर्षं गेली, आणि त्या वीस वर्षांत पडद्यावर मात्र 'गेम केला' म्हटलं की टाळ्या पडत होत्या. याबद्दल हा प्रकार आवडणाऱ्यांनी स्वतःशी खरं बोललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

राम गोपाल वर्माचा 'सत्या' (१९९८) गुंडांच्या बाजूने सांगितलेला आहे, त्यातला गुंड भिकू म्हात्रे त्याचा प्राण, तरी पावसाळ्यातली ओली कळकट मुंबई पडद्यावर कशी दिसावी हे त्याने पुढच्या सगळ्या पोलिसपटांना शिकवलं. 'अब तक छप्पन' (२००४) मध्ये नाना पाटेकर साधू आगाशे आहे, नोकरीतला हिशोब छप्पन माणसांचा आणि घरी आल्यावर साधा नवरा. गोळी झाडणं हे त्याच्यासाठी ऑफिसचं काम आहे, फाईल निकाली काढावी तसं, आणि शिमित अमीनने ते कुठेही सजवलेलं नाही हीच त्याची ताकद. 'ब्लॅक फ्रायडे' स्फोटांच्या तपासावरचा, तो तयार होऊनही खटला चालू होता म्हणून कोर्टाने अडवला आणि २००७ ला आला. त्यातला धारावीतला पाठलाग विसरता येत नाही. हवालदार धावतायत, गल्लीत दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत, पत्र्यांवरून, गटारावरून, बायकांच्या धुण्यातून, आणि थोड्या वेळाने सगळे दमतात, पोट सुटलेले, धापा टाकत, पळणाराही दमलेला. पोलीस दमतो हे इतकं साधं सत्य हिंदी सिनेमाने दाखवायला किती वर्षं घेतली.

हवालदार

मला वाटतं या प्रकाराची खरी परीक्षा साहेबावर होत नाही, हवालदारावर होते. मराठी सिनेमात १९७५ ला दादा कोंडकेंचा 'पांडू हवालदार' आला, अफाट चालला, आणि लोकांच्या डोक्यात शिपाई म्हणजे हसवणारा माणूस हे पक्कं बसलं, पांडू ही तर हाकच झाली, रस्त्यावर मागून मारायची. त्या हाकेमागचं घर पाहायचं तर वरळी किंवा नायगावच्या बीडीडी चाळींकडे बघावं, इंग्रजांच्या काळात शंभरेक वर्षांपूर्वी बांधलेल्या, तळमजला अधिक तीन, एकेक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सगळ्यांना मिळून. त्यातल्या कितीतरी खोल्यांत पोलिसांची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. दाराला दोरीवर खाकी वाळत घातलेली, रात्रपाळीहून आलेला बाप दिवसा झोपलाय म्हणून पोरं आवाज न करता व्हरांड्यात अभ्यास करतायत, आणि बंदोबस्त लागला की गणपती आणि दिवाळी दोन्ही बापाशिवाय.

हे घर पडद्यावर थोड्याच लोकांनी आणलं. निशिकांत कामतच्या 'मुंबई मेरी जान' (२००८) मध्ये परेश रावलचा तुकाराम पाटील निवृत्तीला आलाय, आयुष्यभराच्या नोकरीत आपण काय केलं याचं उत्तर त्याच्याकडे नाही, आणि बरोबरच्या तरुण शिपायाला राग येतो त्याचं काय करायचं हेही त्याला माहीत नाही. देवाशिष मखिजाच्या 'भोंसले' मध्ये मनोज बाजपेयी निवृत्त झालेला गणपत भोंसले आहे, चाळीत एकटा, बाहेर गणेशोत्सव आणि परप्रांतीयांवरून पेटवापेटवी, आणि तो जवळजवळ बोलतच नाही, यासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो अगदी योग्य होता. वेबसिरीज असली तरी 'सेक्रेड गेम्स' मधला हवालदार काटेकर इथे हवाच. जितेंद्र जोशीने तो असा केला की तो मेला तेव्हा त्याच्या साहेबाच्या, सरताजच्या चेहऱ्यापेक्षा काटेकरच्या बायकोचा चेहरा जास्त लक्षात राहिला.

बोली आणि मराठी सिनेमे

भाषेबद्दल थोडं. हफ्ता, सुपारी, राडा, मांडवली, खबरी, तडीपार, घोडा म्हणजे पिस्तूल, पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी, हे शब्द या सिनेमांनी देशभर नेले आणि यातले निम्मे तरी मराठी घरातूनच गेलेत. अधिकारी हिंदी बोलतो, शिपाई आपसात मराठी, आणि आरोपीला मारताना सगळेच मराठी, ही बारीक गोष्ट ज्या दिग्दर्शकाला दिसली त्याचं स्टेशन खरं वाटतं.

मराठीत स्वतंत्रपणे हा प्रकार उशिरा आला. 'डोंबिवली फास्ट' (२००५) मध्ये चिडलेला कारकून पुढे आणि त्याच्या मागावरचा पोलीस मागे, पण त्या पोलिसाला त्या कारकुनाचं, माधव आपटेचं म्हणणं पटतंय हे दिसत राहतं आणि तेच जास्त लागतं. २०१४ च्या 'रेगे' ने एन्काउंटरवाल्यांच्या नादी लागलेला मध्यमवर्गीय मुलगा दाखवला. 'मुळशी पॅटर्न' (२०१८) ने जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांपर्यंत, पुण्याच्या कडेपर्यंत गोष्ट नेली.

बायका या सगळ्यात फार कमी आहेत. 'मर्दानी' (२०१४) मध्ये क्राइम ब्रँचची शिवानी शिवाजी रॉय आहे पण ती अधिकारी. रात्री नाकाबंदीला उभी राहणारी, बंदोबस्तात बारा तास संडासाची सोय नसलेली, सकाळी घरी जाऊन डबे भरणारी महिला शिपाई मुंबईच्या प्रत्येक पोलीस स्टेशनात आहे, आणि या पोलिसपटात ती अजून जबानी घेताना मागे उभी असते, संवाद नसलेली.