साध्या फोनवरूनही यूपीआय चालते

‘स्मार्टफोन सोडला की यूपीआय बंद’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे, आणि पुण्याच्या मंडईत कोथिंबिरीच्या जुडीशेजारीही क्यूआर कोडची पाटी दिसत असल्याने तो पटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात यूपीआय बँक खात्याशी जोडलेल्या मोबाईल क्रमांकावर चालते. इंटरनेट हा त्याचा केवळ एक मार्ग आहे. त्याच क्रमांकाचे सिम बटणांच्या फोनमध्ये घालून *९९# डायल करावे. सेवा आपल्या सिमवर चालत असेल, तर पैसे पाठवणे, शिल्लक पाहणे असे क्रमांकित पर्याय, पहिल्या वेळची नोंदणी झाल्यावर, पडद्यावर येतात. एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतच रक्कम जाते. क्यूआर कोड मात्र येथे वाचता येत नाही, म्हणून विक्रेत्याचा मोबाईल क्रमांक विचारावा लागतो. खात्रीसाठी आधी घरातल्याच कोणाला १ रुपया पाठवून पाहावा.